सबमिशन झालं, गणिताचं काय?

टी.वाय.बी.एस्सी.च्या वर्गात सबमिशनची तारीख जवळ आली की एका हुशार मुलीची वही गावभर फिरते. आधी ती झेरॉक्सच्या दुकानात जायची, मग व्हॉट्सअ‍ॅपवर आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि त्या मुलीचीही गरज उरली नाही. जुलै २०२५ मध्ये तर गूगल डीपमाइंडच्या प्रणालीने आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचे सहापैकी पाच प्रश्न सोडवून ४२ पैकी ३५ गुण, म्हणजे सुवर्णपदकाइतके गुण मिळवले. मग घरी गणितं द्यायचीच कशाला, असं आता प्राध्यापकही विचारू लागलेत.

द्यायलाच हवीत. गुणांचा हिशेब मात्र बदलायला हवा.

रिअल अनॅलिसिसमधला अगदी सुरुवातीचा प्रश्न घ्या: क्ष २ च्या जवळ जाताना क्ष-वर्गाची लिमिट ४ आहे, हे एप्सिलॉन-डेल्टाने सिद्ध करा. उत्तर सगळ्यांच्या वहीत सारखंच असतं. डेल्टा म्हणजे १ आणि एप्सिलॉन भागिले ५ यांतली लहान संख्या. हा ५ आला कुठून? क्ष २ पासून एकापेक्षा कमी अंतरावर ठेवला, तर क्ष अधिक २ ही बेरीज ५ च्या आतच राहते, म्हणून. उतरवून घेणाऱ्याला हे ठाऊक नसतं. त्याला फळ्यापाशी बोलावून २ च्या जागी ३ घ्यायला सांगा. समजलेला विद्यार्थी क्षणभर थांबून ५ चे ७ करतो. न समजलेला ५ च ठेवतो. दोन मिनिटांत निकाल लागतो आणि त्यासाठी कॉपी पकडणारं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही.

गृहपाठाची सगळ्यांत गाजलेली गोष्ट १९३९ ची, बर्कलीतली. जॉर्ज डँटझिग हा संशोधक विद्यार्थी येर्झी नेमन यांच्या तासाला उशिरा पोचला. फळ्यावरचे दोन प्रश्न त्याने गृहपाठ समजून उतरवून घेतले, काही दिवस त्यांच्याशी झगडला आणि उशिराबद्दल माफी मागत उत्तरं नेऊन दिली. ते संख्याशास्त्रातले तोवर न सुटलेले प्रश्न होते. प्रेरणादायी व्याख्यानांनी ही गोष्ट पार गुळगुळीत केली आहे. नेमन यांच्या टेबलावर ते कागद सुमारे सहा आठवडे पडून होते, हे मात्र कुणी सांगत नाही. तपासायला उशीर तिथेही व्हायचाच!

आपल्याकडे तर साठ-सत्तर वह्यांना एकच प्राध्यापक असतो. अमेरिकी विद्यापीठांत हे काम बरंचसं संशोधक विद्यार्थी करतात, त्यांना त्याचा मोबदलाही मिळतो. आपल्या बहुतेक कॉलेजांत तशी सोयच नाही. मग शेवटच्या पानावर लाल सही होते, दहापैकी आठ मिळतात आणि वही कपाटात जाते. अशा वहीला गुण देणं म्हणजे सुवाच्य अक्षराला गुण देणं.

तेव्हा दर पंधरवड्याला वीस गणितं देण्यापेक्षा चारच द्या. मुलांनी ती मिळून सोडवली, पुस्तक उघडलं, चॅटजीपीटीला विचारलं तरी हरकत नसावी. इंटर्नलचे निम्मे गुण मात्र फळ्यासाठी राखावेत: चिठ्ठी काढून दर तासाला दोघांना बोलवावं, एखादा आकडा बदलावा आणि पुढे काय होतं ते बघावं. विभागप्रमुखांनी पुढच्या सत्रात निदान एका पेपरला तरी हे करून पाहावं.