सोडण्याची मुभा आणि परतण्याची हमी

कार्तिकी पौर्णिमेला बीडजवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनासाठी गर्दी लोटते. त्याच सुमारास बालाघाटातल्या वाड्यावस्त्यांवरून मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात, ती फडावरून परततात मार्च-एप्रिलात. मधल्या काळात घरची मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळते किंवा बरोबर जाते. महाविद्यालयाची सत्रपरीक्षाही नेमकी याच महिन्यांत येते.

अशा मुलींच्या महाविद्यालयीन शिक्षणाचे नियम दोन ठिकाणी आहेत: राज्याचा सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ चा, तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चे. दोहोंचा मेळ घालताना दोन गोष्टींवर मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंची माणसे तळमळीनेच बोलतात.

पहिली गोष्ट पदवीच्या शिक्षणातून मधूनच बाहेर पडण्याची. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका. आजवर दुसऱ्या वर्षाला शिक्षण सुटलेल्या मुलीच्या हाती काहीच उरत नसे. आता निदान कागद उरेल, श्रेयांक जमा राहतील. हा लाभ लहान नाही. मात्र अनेक प्राध्यापकांना वाटते की दार उघडे ठेवले तर गरिबाचेच मूल आधी बाहेर पडेल आणि त्या गळतीला अधिकृत नाव मिळेल. ही भीती मला खरी वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांत परतण्याची आणि सात वर्षांत पदवी पुरी करण्याची सवलत आहे, पण बाहेर पडलेल्या मुलीला परत आणण्याची जबाबदारी कोणाची?

दुसरी गोष्ट लहान महाविद्यालयांची. संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत संपवून मोठी, बहुशाखीय महाविद्यालये उभारावीत, असे धोरण म्हणते. चार प्राध्यापक आणि कुलूपबंद प्रयोगशाळा असलेल्या महाविद्यालयाचा बचाव करणे अवघड आहे. दुसरीकडे, जवळचे महाविद्यालय बंद झाले की मांजरसुंब्याच्या फाट्यावरून बीडची एसटी गाठावी लागते. महिलांना भाडे अर्धे आहे हे खरे, पण तास सायंकाळी संपल्यावर शेवटची गाडी चुकली तर घरचे दुसऱ्या दिवशी पाठवत नाहीत.

तोलून पाहता मी लवचीकतेच्या बाजूने आहे, पण अटीवर. बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याशी संपर्क ठेवणे आणि हंगामानंतर, मे-जूनमध्ये त्याची परीक्षा घेणे हे महाविद्यालयाचे कायदेशीर कर्तव्य ठरवावे. एसटी आणि वसतिगृहाची सोय झाल्याशिवाय लहान महाविद्यालयाचे विलीनीकरण करू नये. बीडच्या आमदारांनी या दोन तरतुदींचा आग्रह विधिमंडळात धरावा.