मत दिल्यानंतर

मत देणे हे नागरिकाचे पहिले कर्तव्य होय, शेवटचे नव्हे. पनवेलचेच उदाहरण पाहावे. तेथील जुन्या नगरपालिकेची २०१६ साली महानगरपालिका झाली. २०१७ साली निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत २०२२ साली संपली. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही. कारभार प्रशासकाने पाहिला. त्या काळात महापालिकेसाठी मत देण्याची संधी नव्हती. म्हणून नागरिकांचे कर्तव्यही थांबले काय? नळ, गटारे, रस्त्यांवरील दिवे तर रोजचेच होते. फुटलेल्या नळाची लेखी तक्रार देणे, जमाखर्चाचा हिशेब विचारणे, ओला व सुका कचरा वेगळा ठेवणे, ही कामे मतदानाच्या दिवसाची वाट पाहत नाहीत. मताचा अधिकार अठराव्या वर्षी मिळतो. गावाची काळजी वाहण्याचा अधिकार मात्र मुलांनाही आजच आहे.