गॅस संपला हो!

पोखर्णीच्या नृसिंहाला स्मरून सांगतो, ट्रॅक्टरच्या केबिनमधला एसी गार वारा देईनासा झाला की लगेच ‘गॅस संपला!’ म्हणणाऱ्याचे ऐकू नका. गॅस म्हणजे काय डिझेल आहे, जळून संपायला? तो बंद नळ्यांतच फिरतो. कमी झालाच, तर कुठेतरी गळतोय. गळती न बुजवता गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे! आणि पुष्कळदा खरी गुन्हेगार आपली काळी मायच. तिची धूळ फिल्टरात नि कंडेन्सरच्या जाळीत ठाण मांडते. आधी ती झाडा, पट्टा ढिला आहे का बघा. मे महिन्यात परभणीचा पारा ४० अंशांवर जातो. तेव्हा काचेच्या केबिनची भट्टी होते. गारवा मागणे हे चोचले नव्हेत, महाराज! पण खिशात हात घालण्याआधी हाती ब्रश घ्या. घाम शेतात गाळावा, बिल बघून नव्हे.