मथुशलहाचे वय आणि बर्जिल्लयाचा नकार

'बायबलच्या मते माणसाचे आयुष्य १२० वर्षे' हे विधान फार आत्मविश्वासाने केले जाते. आधार उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायाचा. १९९७ साली वारलेल्या झान काल्मां ह्या फ्रेंच बाई १२२ वर्षे जगल्या, हा दाखला मग जोडीला येतो आणि पवित्र ग्रंथाला आधुनिक विज्ञानाची पावती मिळाल्याचे समाधान होते. (त्या दोन वर्षांनी मर्यादा ओलांडली, ह्याकडे कोणी लक्ष देत नाही.) आम्हांला हे वाचन मान्य नाही. ते वाक्य जलप्रलयाच्या कथेच्या तोंडाशी येते, आणि प्रलयापूर्वी माणसांना दिलेली ती मुदत आहे, असा अर्थ अनेक भाष्यकारांनी लावलेला आहे. शिवाय त्याच ग्रंथात पुढे तेरह २०५ वर्षे जगतो, अब्राहाम १७५ आणि इसहाक १८०. नियम सांगून लगेच तो मोडणारा संपादक इतका बेसावध असेल, असे आम्हांला वाटत नाही.

उलट, तो हिशेबाला पक्का आहे. पाचव्या अध्यायातली वंशावळ घ्या. आदाम ९३०, यारेद ९६२, मथुशलह ९६९. लामेखाच्या जन्माच्या वेळी मथुशलह १८७ वर्षांचा, नोहाच्या जन्माच्या वेळी लामेख १८२ वर्षांचा, आणि प्रलय आला तेव्हा नोहा ६०० वर्षांचा. बेरीज बरोबर ९६९. हिब्रू पाठात मथुशलह प्रलयाच्याच वर्षी मरतो. ग्रीक भाषांतराच्या काही हस्तलिखितांत मात्र तो प्रलयानंतर १४ वर्षे जगलेला निघतो, आणि नौकेत नसलेला हा वृद्ध कुठे राहिला ह्या प्रश्नाने ऑगस्टीनसारख्यालाही गुंतवले.

आपल्याकडे अशा आकड्यांवर 'पुराणातली वांगी पुराणात' म्हणून पडदा टाकण्याची सोय आहे. दशरथाच्या साठ हजार वर्षांचे आपण तेच करतो. दुसरी पळवाट 'वर्षे म्हणजे महिने' ही. तशी मथुशलहाची ऐंशीएक वर्षे होतात खरी, पण मग ६५ व्या 'वर्षी' बाप झालेला हनोख साडेपाच वर्षांचाही भरत नाही. त्या काळचे वर्ष आपल्या वर्षाच्या दहाव्या हिश्श्याएवढे होते, ह्या तर्काला ऑगस्टीनने पाचव्या शतकातच अशाच प्रकारचे उत्तर दिले होते.

आमच्या मते हे आकडे कथनाचा भाग आहेत आणि ते उतरत्या क्रमाने वाचायचे आहेत. प्रलयानंतर शेम ६०० वर्षे जगतो, पेलेग २३९, मोशे १२०, यहोशवा ११०. सुमेरी राजावलीच्या एका प्रसिद्ध प्रतीत प्रलयापूर्वीच्या आठ राजांची कारकीर्द मिळून २,४१,२०० वर्षांची होते. त्या मानाने बायबल काटकसरी. तिथे कोणीही हजारी गाठत नाही आणि हनोखाचा अपवाद सोडला तर त्या यादीतला प्रत्येक जण मेल्याची नोंद आहे. हनोखाला देव घेऊन जातो, तोही ३६५ व्या वर्षी. सौरवर्षाच्या दिवसांची ही संख्या योगायोगाने आली असेल, असे मानणे आम्हांला जड जाते.

सत्तर, फार तर ऐंशी, हा आपल्या ओळखीचा आकडा येतो तो नव्वदाव्या स्तोत्रात. ते स्तोत्र परंपरेने मोशेच्या नावावर आहे, म्हणजे १२० वर्षे जगलेल्याच्या तोंडी सत्तरीचे गाऱ्हाणे! इथे आयुष्य मोजणारा वंशावळकार नाही. आयुष्य हातून निसटताना पाहणारा समुदाय बोलतो आहे.

आणि म्हातारी माणसे स्वतः बोलू लागतात, तेव्हा तर आकड्याचा अर्थच पालटतो. फारो याकोबाला वय विचारतो. १३० वर्षांचा याकोब म्हणतो, दिवस थोडे मिळाले आणि वाईट मिळाले, बापजाद्यांइतके नाहीत. लाडका मुलगा मेला असे समजून काढलेली वर्षे त्या उत्तरात आहेत, हे वाचकाला ठाऊक असते. विचारणाऱ्या राजाला नसते.

पण आमच्या मनात घर केले ते शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातल्या बर्जिल्लयाने. अबशालोमाच्या बंडात परागंदा झालेल्या दावीदाला त्याने अन्नधान्य पुरवले होते. बंड मोडल्यावर राजा त्याला यरुशलेमेस येण्याचा आग्रह करतो. बर्जिल्लय ऐंशी वर्षांचा आहे. खाल्ल्याप्यायल्याची चव कळत नाही, गाणाऱ्यांचे आवाज ऐकू येत नाहीत, मग राजावर भार कशाला, असे तो विचारतो. त्याला आपल्या गावी, आईबापांच्या कबरीजवळ मरायचे आहे. किम्हामाला मात्र तो राजासोबत धाडतो. आयुर्मर्यादेच्या चर्चेत हा प्रसंग आमच्या तरी वाचनात कधी आला नाही. स्तोत्रातली ऐंशी ही संख्या इथे जीभ, कान आणि पाय घेऊन उभी आहे. राजा त्याचे चुंबन घेतो, आणि म्हातारा यार्देनेवरून परत फिरतो.

दावीद स्वतः तिसाव्या वर्षी राजा झाला आणि चाळीस वर्षे राज्य करून वारला. म्हणजे सत्तर. अखेरीस कितीही पांघरुणे घातली तरी त्याला ऊब येत नव्हती, असे राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या आरंभीच लिहिलेले आहे.