गवत कापण्याचें यंत्र व त्याचें पेट्रोल

माजलगाव धरणाच्या पाण्यावर पोसणारा ऊस आतां केवळ साखरेचा धनी राहिला नाहीं. उसापासून निघणारें इथेनॉल पेट्रोलांत मिसळतात, व २०२५ सालीं हें प्रमाण देशांत शेंकडा २० पर्यंत पोंचलें. रोज चालणाऱ्या गाडीचें एक असो. परंतु अंगणांतील गवत कापण्याचें यंत्र पावसाळा सरला कीं आठ महिने अडगळींत पडतें. इथेनॉल हवेंतील ओल शोषतें. ती वाढली म्हणजे पाणी व इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशीं बसतात, जुन्या रबरी नळ्या फुगतात, कार्ब्युरेटरचीं छिद्रें बुजतात. दोष मात्र कारागिराच्या माथीं!

अधिक ऑक्टेनचें महाग पेट्रोल अशा साध्या इंजिनास व्यर्थ होय. पेट्रोल टिकविणारें द्रव्य ताज्या पेट्रोलांतच गुणकारी. तळाशीं बसलेलें पाणी त्यानें पुन्हां मिसळत नाहीं. त्यापेक्षां महिनाभर पुरेल इतकेंच पेट्रोल आणावें. टू-स्ट्रोक यंत्राच्या तेलांत मात्र काटकसर नको: माहितीपुस्तकांत ५० स १ असें प्रमाण दिलें असल्यास लिटरमागें २० मिलिलिटर. फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलांत तेल मुळींच घालूं नये. हंगाम संपतांच, इंजिन थंड असतां, चुलीपासून दूर टाकी रिकामी करावी आणि उरलेल्या थेंबांवर तें आपोआप बंद पडेतों चालवावें.