चुलीच्या धुराचा जमाखर्च

घाटाखालच्या खामगाव, नांदुरा, मलकापूर या तालुक्यांत कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की उपटलेल्या पऱ्हाटीच्या गंज्या घरांपुढे रचल्या जातात. कापूस व्यापाऱ्याकडे जातो, पऱ्हाटी मजुराच्या चुलीत. घाटावर तिची जागा तुराट्या आणि गोवऱ्या घेतात. बुलढाणा जिल्ह्यातील श्रमिक स्त्रीच्या वाट्याला आलेली हवा ही अशी आहे.

धुराने खोकला येतो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. तो हृदयावर घाला घालतो, हे मात्र थोड्यांनाच. धुरातील अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळाशी पोचतात व त्यांतील काही रक्तात उतरतात. रक्तवाहिन्यांना आतून दाह होतो, रक्तदाब वाढतो, गुठळी होण्यास अनुकूलता निर्माण होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली घरगुती धुरामुळे जगात सुमारे 32 लाख माणसे दगावली. त्यांतील जवळजवळ एक तृतीयांश हृदयाच्या धमन्यांच्या विकाराने. पुरुषांच्या हृदयरोगात तंबाखूचा वाटा मोठा आहे, हे खरेच. परंतु ज्या बाईने आयुष्यात विडीला हात लावला नाही, तिची छातीतली कळ मात्र पित्त म्हणून सोडून दिली जाते.

शासनाला हवेची काळजी नाही, असे म्हणता येणार नाही. जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यात महाराष्ट्रातील 19 शहरे आली. अकोला, जळगाव, जालना हे तिन्ही शेजारी त्यांत आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील एकही गाव नाही. (अकोल्याच्या हमालाचा हेवा करण्याचे कारण नाही, त्याचीही हवा सुधारलीच पाहिजे.) मोजमापाच्या आकड्यांवरून शहरे निवडली गेली, आणि मोजणारे यंत्र चौकात बसते, स्वयंपाकघरात नव्हे.

उत्तरादाखल 2016 सालच्या उज्ज्वला योजनेकडे बोट दाखविले जाईल. शेगडी घरात आली, हे मान्य. प्रश्न दुसऱ्या सिलिंडरचा आहे. 2025 साली सवलत धरूनही तो साडेपाचशेच्या वर होता आणि रोजगार हमीची मजुरी 312 रुपये, तीही काम मिळाले तर. पऱ्हाटी फुकट मिळते. राज्याने 2024 मध्ये वर्षाला तीन सिलिंडर मोफत जाहीर केले. वर्षाचे महिने बारा असतात. ऐंशीच्या दशकातील सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमही 2002 साली गुंडाळला गेला.

डॉ. राममनोहर लोहिया यांनी पाणी आणि पाखाना हे स्त्रीचे प्रश्न राजकारणाच्या मध्यभागी आणले. चूल त्याच पंक्तीतली आहे. समाजवादी म्हणविणाऱ्या किती शाखांच्या बैठकीत तिचा विषय निघतो?

कामाला हाताशी साधन आहे. तिशीपुढील प्रत्येकाचे जे आरोग्य-पत्रक आशा कार्यकर्ती भरते, त्यात स्वयंपाकाचे इंधन कोणते, हा प्रश्न आधीच छापलेला आहे. त्या उत्तरांची गाववार बेरीज, शेजारी त्याच गावातील रक्तदाबाच्या रुग्णांचा आकडा, हे दोन्ही ग्रामसभेत वाचले जावेत, अशी मागणी कार्यकर्त्यांनी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे लेखी करावी. सिलिंडर सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत पुरविण्याची मागणी त्या आकड्यांसह करता येईल. आणि आशांचे थकलेले मानधनही त्याच अर्जात मागावे.