जखम आतून भरावी लागते

गेल्या खेपेच्या कडोली मराठी साहित्य संमेलनात मी दिवसभर मंडपाच्या मागच्या बाजूला उभा होतो. ओळखीच्या तिघाचौघांनी खुर्ची पुढे केली, "बसा की सर!" म्हणाले. "असू दे, इथून व्यासपीठ चांगलं दिसतं," असे सांगून मी वेळ मारून नेली. घरी आल्यावर सौ. म्हणाली, "अहो, आता पुरे झालं उभं राहणं. उद्या डॉक्टरांकडे चला." तिला तरी हे दुखणे सांगायला मला चार महिने लागले होते.

दुखणे भगंदराचे. आपल्या सीमाभागात मूळव्याधीला कन्नडमध्ये मूलव्याधी म्हणतात आणि भगंदराला भगंदरच. दोन्ही भाषांचा शब्द एक आणि तो कुजबुजत उच्चारायची रीतही एकच!

गुदद्वाराच्या आतल्या बाजूला बारीक ग्रंथी असतात. त्यांत पू साठला की जवळपास गळू येते. ते फुटते, ठणका थांबतो आणि माणसाला वाटते, सुटलो. पण बऱ्याच वेळा आतून बाहेरच्या कातडीपर्यंत एक बारीक वाट तशीच राहते. ती मधूनमधून वाहते, बुजते, पुन्हा फुगते. हेच भगंदर. मोठ्या माणसांत ते मलमा-गोळ्यांनी कायमचे जात नाही. मी मात्र भिंतीवरची 'बिना ऑपरेशन' अशी जाहिरात वाचून एकाकडे दोन महिने पैसे आणि वेळ घालवला.

शेवटी बेळगावात ऑपरेशन झाले. ती वाट पूर्ण उघडली आणि जखमेला टाका घातला नाही. हे पाहून आमच्या आईचा जीव घाबरा झाला. "उघडीच ठेवली? शिवली का नाही?" डॉक्टरांनी समजावले, की ही जखम तळापासून वर भरत आली पाहिजे. वरची कातडी आधी जुळली आणि खाली पोकळी राहिली, तर पू पुन्हा साठतो. शेतकऱ्याच्या घरात हे पटायला वेळ लागला नाही. फुटलेल्या बांधावर नुसती वरून माती लोटून भागत नाही, हे आईला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक.

मग सुरू झाली दिनचर्या. शौचानंतर आणि एरवीही, दिवसातून दोन-तीनदा, कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे बसायचे. जखम हलक्या हाताने टिपून कोरडी करायची, स्वच्छ घडी बदलायची. काही आठवडे पिवळट, लालसर पाणी येतच राहते, त्याला भ्यायचे नाही. पोट साफ राहण्यासाठी भरपूर पाणी, भाकरी, पालेभाजी, ताक, नाचणीची आंबील आणि डॉक्टर म्हणतील तर इसबगोल. कुंथायचे नाही. दुचाकी बंद. ताप, वाढता ठणका, थांबत नसलेले रक्त किंवा लघवी अडणे, यांपैकी काही झाले तर मात्र तडक दवाखाना गाठायचा.

तिसऱ्या आठवड्यात जखम वरून जुळल्यासारखी दिसली. मी खुशीत येऊन ड्रेसिंगला जाणे दोनदा टाळले. पुढच्या खेपेस सिस्टरनी पाहिले आणि ती जुळलेली कातडी पुन्हा मोकळी केली. डोळ्यांत पाणी आले. त्या म्हणाल्या, "सर, म्यालिंद मुच्चिदर उपयोग इल्री. वळगिंद मायबेक." वरून झाकून उपयोग नाही, आतून भरली पाहिजे. एम. ए.ला दोन वर्षे पुस्तके वाचली, पण इतके नेमके वाक्य मला सुचले नसते.

हे दुखणे काही आजचे नाही. सुश्रुतसंहितेत भगंदराचे पाच प्रकार सांगितले आहेत. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची एकवीस पुटे दिलेला दोरा, म्हणजे क्षारसूत्र, बनारस हिंदू विद्यापीठातील डॉ. पी. जे. देशपांडे आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात पुन्हा प्रचारात आणला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्षारसूत्राने बरे व्हायला साधारण आठ आठवडे लागले, ऑपरेशनने चार. पण वर्षभरात दुखणे उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के, तर ऑपरेशनमध्ये ११ टक्के निघाले. कोणता मार्ग कोणाला योग्य, हे त्या वाटेची खोली पाहून तज्ज्ञच ठरवतो. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचे ऑपरेशन १८ नोव्हेंबर १६८६ रोजी झाले आणि पुढे जखम नीट भरावी म्हणून त्यालाही पुन्हा छेद सोसावे लागले. म्हणजे राजालाही घाई करून चालले नाही.

माझी जखम नवव्या आठवड्यात भरली. त्यानंतर एका संध्याकाळी आमचे तात्या घरी आले. इकडचे तिकडचे बोलले. सगळे उठून गेल्यावर हळूच म्हणाले, "मास्तर, तुला झालं होतं ते... मला अकरा वर्षं आहे." अकरा वर्षे! लग्नात, पंगतीत, देवळात हा माणूस एका अंगावर बसतो हे आम्ही पाहत होतो. सवय म्हणून सोडून देत होतो. त्यांना मधुमेह आहे, शिवाय निपाणीची तंबाखू खिशात. साखर आणि तंबाखू दोन्ही जखम भरू देत नाहीत. म्हणून डॉक्टरांनी आधी साखर आवरायला सांगितली आहे. अशा जुन्या दुखण्यामागे कधी क्षयही असतो, त्यामुळे त्यांची तीही तपासणी झाली. ती सुदैवाने चांगली आली.

हे सदर लिहू का, असे मी तात्यांना विचारले. थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "लिही. नाव घालू नको, पण वर्षं घाल. अकरा."

वाचकहो, म्हणून घातली. तुमच्या घरात कोणी एका अंगावर बसत असेल, तर आज रात्री जेवणानंतर त्याला बाजूला घेऊन विचारा. मराठीत विचारा, कन्नडात विचारा, पण विचारा.